चवथीआधी अडीच हजार फ्रेम्स आणि नऊ कॉम्प्युटर

२०२५ च्या चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, ही गोष्ट, तेव्हा चवथ २७ ऑगस्टला होती आणि मी १९ तारखेला डोक्याला हात लावून बसलो होतो. मी फोंड्याचा, लग्नं-मुंजी, नाटकांचं शूटिंग, एडिटिंग असली कामं करतो, आणि ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी करायचं फुकट सॉफ्टवेअर, हौसेने शिकलोय. गावच्या मंडळाने देखाव्यासाठी व्हिडिओ मागितला, विषय त्यांनीच दिलेला, १५६० साली कुशस्थळीहून म्हणजे आताच्या कुठ्ठाळीहून मंगेशाचं लिंग रातोरात जुवारी पार करून प्रियोळला आणलं ते. तिकडे पोर्तुगीज, इकडे अंत्रुज, म्हणजे आमचा फोंडा भाग, आदिलशहाकडे, म्हणून देव अलीकडे आले, हे आमच्याकडे शाळकरी पोरालासुद्धा माहीत असतं. मी म्हटलं थ्रीडी करू, काळोखी रात्र, होडी, मशाली, पाण्यावर पडलेला मशालींचा उजेड. बोलून गेलो आणि अडकलो.

हिशोब साधा होता, तो मी आधी केला नाही एवढंच. व्हिडिओ १ मिनिट ४० सेकंदांचा, सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणजे २५०० फ्रेम्स. माझ्या मशीनवर, आरटीएक्स ३०६० कार्ड आहे १२ जीबीचं, ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनमध्ये एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे थ्रीडी सीनवरून पक्कं चित्र निघायला, सरासरी ५ मिनिटं लागत होती. १२५०० मिनिटं. २०८ तास. एक सेकंद न थांबता चाललं तरी पावणेनऊ दिवस, आणि माझ्याकडे तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या, दिवसापर्यंत धरून सात. आईला हे सांगितलं तर ती नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, सारणातून मान वर न करता म्हणाली, मग माणसं वाढव. तिला नेवऱ्या सुचत होत्या, चार बायका बसल्या की एका दुपारात होतात, पण मुद्दा बरोबर होता. कारण ह्या कामात एक सोय असते, ५०० नंबरच्या फ्रेमला ४९९ शी काही देणंघेणं नसतं, कोणीही कुठलीही करावी आणि शेवटी ओळीने लावावी.

अपवाद फक्त पाणी. पाण्याचं सिम्युलेशन मागच्या फ्रेमवरून पुढची काढतं, तिथे ५०० ला ४९९ लागतेच, म्हणून ते आधी एकाच मशीनवर बेक करून, म्हणजे मोजून साठवून, ठेवावं लागतं. ते मी सुदैवाने दोन रात्री घालवून केलेलं, ३८ जीबीची कॅश, म्हणजे तो साठा, झालेली. ह्या कॅशमुळेच शीपइटसारखा लोकांनी एकमेकांना मशीन देऊन चालवलेला फुकट रेंडर फार्म बाद, तिथे प्रोजेक्टच्या साइजला मर्यादा असते. आणि पैसे देऊन ऑनलाइन फार्म घ्यायचा तर मंडळाचं बजेट मूर्ती, मखर आणि साउंडवाल्यातच संपलेलं.

तर मशीन गोळा केली. वरच्या बाजारात माझ्या एका मित्राचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे सहा पीसी, आय५, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. दुसऱ्या एका फोटो स्टुडिओवाल्या मित्राकडे जीटीएक्स १६६०, ६ जीबीचं. भाच्याचा गेमिंग लॅपटॉप, त्यात आरटीएक्स ३०५०, पण ४ जीबीच. सगळं एका नेटवर्कवर हवं म्हणून २० तारखेला संध्याकाळी मी माझा टॉवर टॉवेलात गुंडाळून, भाच्याच्या मांडीवर देऊन, पावसातून स्कूटरवरून क्लासला नेला. खाली बाजारात गर्दी नुसती, गाडी लावायला जागा नाही, वॉचमन म्हणतो कितें रे हें, गणपती हाडला व्हय, म्हणजे आणला का. म्हटलं तसंच समज.

लॅपटॉपने पहिल्या टेस्टलाच रडायला सुरुवात केली, जीपीयू मेमरी संपली म्हणून. ब्लेंडर अख्खा सीन कार्डाच्या मेमरीत बसवायला बघतो, माझ्या १२ जीबीत आरामात बसत होता म्हणून मला कधी कळलंच नाही की सीन केवढा फुगलाय. सिम्प्लिफाय मध्ये जाऊन टेक्स्चरची मर्यादा २०४८ केली तेव्हा बसला. ही मर्यादा फक्त लॅपटॉपला लावायचा मोह झाला होता, पण मग एक फ्रेम बारीक आणि पुढची जाडी असं लुकलुकलं असतं, म्हणून सगळ्यांना तीच. तेच डीनॉइजरचं, म्हणजे चित्रातले दाणे पुसणाऱ्या सोयीचं, ऑप्टिक्स एनव्हिडियाच्या कार्डाशिवाय चालत नाही आणि क्लासच्या पीसींना कार्डच नाही, म्हणून सगळीकडे ओपन इमेज डीनॉइज ठेवलं. ब्लेंडरसुद्धा सगळीकडे एकच, ४.२, माझीच झिप पेनड्राइव्हवरून वाटली.

पहिल्या रात्री मी गरिबाची पद्धत वापरली आणि ती सांगण्यासारखी आहे, कारण तिला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. ब्लेंडरच्या आउटपुट सेटिंगमध्ये ओव्हरराइटची खूण काढायची, प्लेसहोल्डर्सची लावायची, आउटपुट सगळ्यांना दिसेल अशा शेअर्ड फोल्डरमध्ये द्यायचं, पीएनजी फ्रेम्स म्हणून, थेट व्हिडिओ नव्हे, आणि प्रत्येक मशीनवर तीच फाइल उघडून रेंडर दाबायचं. जो मशीन फ्रेम घेतो तो आधी त्या नावाची रिकामी फाइल टाकतो, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसा, आणि दुसरा ती फाइल बघून पुढच्या फ्रेमला जातो. मस्त चाललं. नऊ स्क्रीनवर नऊ वेगवेगळ्या फ्रेम्स भरताहेत, रात्रीचे अकरा, बाहेर पाऊस, आम्ही मिरची-भजी खातोय, मित्र म्हणाला आपण दुकान बंद करून हेच करूया.

दोन चाळीसला लाइट गेली.

माझ्या टॉवरला यूपीएस होता पण रेंडर चालू असताना यूपीएस दहा मिनिटं टिकला, आणि शेअर्ड फोल्डर माझ्याच मशीनवर. लॅपटॉप बॅटरीवर जिवंत राहिला, बिचाऱ्याने फ्रेम पूर्णसुद्धा केली असेल, पण ती ठेवायला जागा उरली नाही. सकाळी येऊन बघतो तर फोल्डरमध्ये १८१ फायली. मोजून खूश झालो, मग साइजवर सॉर्ट केलं तर त्यातल्या नऊ शून्य केबीच्या. रुमाल टाकून गेलेली माणसं परत आलीच नाहीत आणि सीट मात्र अडवलेली, परत रेंडर दाबलं असतं तर ब्लेंडर म्हणाला असता ही झाली आहे, पुढे चला. ज्याला ही पद्धत वापरायची असेल त्याने रोज सकाळी शून्याच्या फायली उडवायच्या, दुसरा इलाज नाही.

त्याच्यापेक्षा मोठा धक्का पुढे होता. उरलेल्या १७२ फ्रेम्स ओळीने लावून बघितल्या तर होडी गुलाबी. सतत गुलाबी नाही, लाकडी, गुलाबी, गुलाबी, लाकडी, गुलाबी, डिस्कोसारखी. ब्लेंडरला टेक्स्चर सापडलं नाही की तो भडक गुलाबी रंग लावतो, आणि होडीच्या लाकडाचं टेक्स्चर मी कधीतरी घाईत माझ्या सी ड्राइव्हच्या डाउनलोड्समधून उचललेलं, तो पत्ता फक्त माझ्या मशीनला माहीत. म्हणजे माझ्या टॉवरच्या ६८ फ्रेम्स तेवढ्या कामाच्या, बाकी १०४ टाकाऊ. आणि कुठली फ्रेम कोणी केली ह्याची नोंद ह्या पद्धतीत कुठेच नाही. आउटपुटच्या मेटाडेटात होस्टनेमची एक खूण असते, ती लावली की प्रत्येक चित्राच्या आत मशीनचं नाव जातं, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मी आणि भाच्याने थंबनेल बघत बघत, अंधारातली होडी गुलाबी की चॉकलेटी हे डोळ्यांनी निवडलं, आणि मी रात्रभर झोपलो नव्हतो हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२१ ला दिवसभर एकच काम केलं, सगळे पत्ते सारखे करणं. टेक्स्चर, पाण्याची कॅश, सगळं शेअर्ड फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर प्रत्येक मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणूनच. क्लासच्या चार नंबरवर झेड आधीच कशाला तरी दिलेला होता, त्यावर अर्धा तास गेला. सुरुवातीची पाटी पण तेव्हाच तपासली, कारण ब्लेंडरच्या टेक्स्टमध्ये देवनागरी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, कुशस्थळीतला स्थ पाय मोडून उभा राहतो आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून ती अक्षरं मी इंकस्केप ह्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करून एसव्हीजीने आणलेली, ती एकदा आली की नुसता आकार असतो, फॉन्ट कुठल्या मशीनवर आहे नाही हा प्रश्नच नाही. व्हिडिओत एवढीच एक गोष्ट मी पहिल्यापासून शहाणपणाने केली होती.

मग फ्लॅमेंको टाकलं. हे मशीनमध्ये रेंडरचं काम वाटायचं सॉफ्टवेअर, ब्लेंडरवाल्यांच्याच स्टुडिओचं, फुकट, त्यात एक मॅनेजर असतो आणि बाकीच्यांवर वर्कर. मॅनेजर मुकादम, कोणाला कुठलं काम दिलं, झालं का, किती वेळ लागला सगळं लिहून ठेवतो, आणि वर्कर अचानक गप्प झाला तर त्याच्या हातातलं काम काढून दुसऱ्याला देतो. लाइट जाणाऱ्या गावात हे फार लागतं. वर्कर आपणहून मॅनेजर शोधतात असं म्हणतात, आमच्या सहातल्या दोघांनी शोधला, बाकीच्यांना विंडोजच्या फायरवॉलने अडवलं, शेवटी मॅनेजरचा आयपी वर्करच्या कॉन्फिग फायलीत हाताने लिहिला आणि ८०८० पोर्ट मोकळा केला. विंडोजची झोप बंद, अपडेट पुढे ढकलले. रात्री आठला काम लावलं, मुकादमाच्या पानावर नऊ वर्कर हिरवे झाले आणि मी घरी जाऊन मेल्यासारखा झोपलो.

सकाळी फक्त सव्वादोनशे नवीन फ्रेम्स. माझ्या हिशोबाने साडेतीनशेच्या वर हव्या होत्या.

लॉग वाचले तर फ्रेम रेंडर व्हायला वेळ तोच, पण प्रत्येक तुकड्याच्या आधी मशीन नुसतं बसलेलं. फ्लॅमेंको काम तुकड्यांनी देतो, दहा फ्रेम्सचा एक तुकडा म्हणा, आणि दर तुकड्याला ब्लेंडर नव्याने उघडतो, सीन परत लोड करतो. आमच्या सीनची टेक्स्चर्स ३ जीबी. आठ मशीन एकदम मागायला लागली की २४ जीबी माझ्या एका केबलमधून जाणार. ती केबल गिगाबिटची असती तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, म्हणजे चार मिनिटांत सगळ्यांचं वाटप. विंडोजमध्ये लिंक स्पीड बघितला तर १०० एमबीपीएस. म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी, त्याच वाटपाला अर्ध्या तासाच्या वर. काल गडबडीत मी माझ्या टॉवरला, म्हणजे नेमक्या कोठाराला, क्लासच्या ड्रॉवरातली जुनी केबल लावलेली. तिच्या टोकाला बघितलं तर चॉकलेटी जोडीतली एक तार निघालेली. केबलमध्ये आठ तारा असतात, १०० ला त्यातल्या चारच पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळे तुटलेली केबल बंद पडत नाही, गुपचूप हळू होते. बंद पडली असती तर पाच मिनिटांत सापडली असती! नवीन केबल लावली शुक्रवारी अकराला, आणि तिथून खरं काम सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

आता आकडे, कारण मला वाटत होतं नऊ मशीन म्हणजे नऊपट. माझा टॉवर तासाला १२ फ्रेम्स. लॅपटॉप साडेसहा, १६६० साडेपाच. क्लासचा पीसी सीपीयूवर एक फ्रेम करायला ५० मिनिटं घेतो, म्हणजे तासाला सव्वासुद्धा नाही, सहा जणांचे मिळून सात. सहा पीसी, सहा मॉनिटर, सहा जणांचं विजेचं बिल आणि काम एका लॅपटॉपाएवढं, तेही क्लास सुटल्यावर रात्रीच. सगळ्यांची बेरीज केली तर दिवसाला ६६० फ्रेम्स, माझ्या एकट्याच्या २८८ होत्या, म्हणजे सव्वादोनपट. मित्राला हे सांगायला जीवावर आलं, तो प्रत्येकाला फोनवर माझ्या सहा मशीनवर पिक्चर चाललाय म्हणून सांगत होता. पण सव्वादोनपट म्हणजे पावणेनऊ दिवसांचे पावणेचार झाले, आणि मला तेवढेच हवे होते, तेव्हा कोणाला कमी लेखण्यात अर्थ नाही.

ह्या हळू मशीनसाठी तुकड्याचा आकार वेगळा ठेवावा लागला. दहा फ्रेम्सचा तुकडा म्हणजे क्लासच्या पीसीला आठ तासांच्या वर, सकाळी आठला पोरं टॅली शिकायला यायची आणि आदल्या रात्रीचं काम अर्धवट मोडायचं. आणि एकेका फ्रेमचे तुकडे केले तर टॉवरला दर ५ मिनिटांच्या फ्रेमला परत लोडिंग, ते त्याला परवडत नाही, ५० मिनिटांवाल्याला मात्र अर्ध्या मिनिटाचं लोडिंग जाणवतही नाही. तुकड्याचा आकार अख्ख्या कामाला एकच देता येतो म्हणून मी कामच दोन केली, वर्करना टॅग लावले, पाणी आणि होडीचे जड शॉट कार्डवाल्यांना दहा-दहाने, शेवटचा देवळाचा शांत शॉट क्लासच्या पीसींना एकेक. पीसींना झोपायचं वेळापत्रक पण दिलं, सकाळी आठ ते रात्री आठ झोप. लॅपटॉपवरचं काम मध्येच तीन वेळा फेल झालं, कारण भाच्याने त्यावरच क्रोममध्ये वीस टॅब उघडून मॅच लावलेली, कार्डाची मेमरी खाल्ली, आणि मुकादमाने त्याला त्या कामातून काळ्या यादीत टाकला. भाचा म्हणतो मामा मला हाकललं रे. म्हटलं बरं केलं, मी तोंडाने सांगून ऐकला नसतास.

रविवारी क्लास बंद, सोमवारपासून चवथीची सुट्टी, त्यामुळे पीसी दिवसासुद्धा चालवले. त्या दोन दिवसांत लाइट तीनदा गेली, पण दर वेळी हातातल्या फ्रेम्स तेवढ्या गेल्या, परत आली की मशीन चालू करायची आणि वर्कर सुरू करायचा, बस. खाली माटोळी बाजार, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचा, भरलेला, कांगलां, आटकं, तोरिंगणं, नारळाच्या पेंडी, वर आम्ही एसीत स्वेटर घालून, कारण एसी १८ वर ठेवला नाही तर टॉवरचा पंखा विमानासारखा ओरडायचा. मंडळाचे सेक्रेटरी काका दोनदा येऊन गेले, आमच्यापेक्षा त्यांनाच त्या हिरव्या पट्ट्या बघायला जास्त आवडायच्या. जातलें मरे, जातलें, म्हणजे होईल रे होईल, असं मलाच धीर देऊन जायचे.

सोमवारी दुपारी पावणेतीनला कार्डवाल्यांचं सगळं संपलं. तिन्ही जलद मशीन रिकामी, आणि चार नंबरच्या पीसीवर एक फ्रेम, १२ टक्के. टॅगमुळे ती दुसऱ्या कोणाकडे जाईना. आम्ही चौघं त्या एका खुर्चीमागे उभे, नऊ कॉम्प्युटरांच्या खोलीत एकट्या आय५ कडे बघत, वरातीत सगळे पोचले आणि नवरदेवाचा काका राहिला असं. दहा मिनिटं असं बघितल्यावर भाचा म्हणाला मामा तू टॉवरवर हीच फ्रेम हाताने का नाही करत. पाच मिनिटांत झाली. पीसी तेव्हा ४२ टक्क्यांवर होता, मी त्याला बंद केला तेव्हा मित्राचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

फ्रेम्स जोडून व्हिडिओ करायचं काम एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामने एकाच मशीनवर दोन मिनिटांत केलं, ते वाटायची गरज नसते. लग्नाच्या व्हिडिओला हे असंच करता येईल का असं स्टुडिओवाल्याने तेव्हाच विचारलं. सरळ तसं नाही. तिथे एक टाइमलाइन असते आणि एक एक्सपोर्ट, रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैसेवाल्या आवृत्तीत काम दुसऱ्या मशीनवर पाठवता येतं, पण तिथे एक अख्खं काम एका मशीनला जातं, एकाच्या फ्रेम्स नऊ जणांत वाटल्या जात नाहीत. चार लग्नं एकदम निघाली तर चार मशीनवर चार, एवढा उपयोग. त्याला ते फारसं पटलं नाही, त्याला अजून वाटतं मी सांगत नाहीये.

मंगळवारी सकाळी पेनड्राइव्ह दिला, टॉवर परत टॉवेलात गुंडाळून घरी आणला आणि आईच्या हुकुमावरून माटोळी बांधायला स्टुलावर चढलो. चवथीच्या रात्री आरतीनंतर देखावा लागला, लोकांना आवडला, पाण्यावरचा उजेड बघून एक आजी हात जोडून उभ्या राहिल्या. आणि चौथ्या सेकंदाला, एक फ्रेम, सेकंदाचा पंचविसावा भाग, होडी गुलाबी. त्या झोप न झालेल्या सकाळी निवडताना ती एक माझ्या हातून सुटलेली. भाच्याला कोपर मारलं, तो म्हणाला मामा, कोणाला दिसत नाही. दीड दिवसाने आमच्या घरचा गणपती गेला, मंडळाचा अकरा दिवस होता, आणि मी रोज आरतीला जाऊन चौथ्या सेकंदाला डोळे मिटायचो.